आधी धार, मग रेघ, मग करवत

[मिरज, सतारमेकरांची कामाची जागा]

मिरजेत सतारीची दांडी आजही मुख्यतः हातानंच घडते. लाकूड तुणीचं, हलकं, पटाशीला (लाकूड तासायच्या छिनीला) मऊ. हातानं सुतारकाम शिकणाऱ्यालाही असंच मऊ लाकूड हवं. बाभूळ दमवते. साग सोपा वाटतो, पण त्यात सिलिका असते, धार लवकर जाते. त्यापेक्षा भंगारातली, पॅकिंगच्या खोक्याची पाइनची फळी घ्या. शिक्का मात्र 'एचटी' असावा, म्हणजे ती उष्णता देऊन निर्जंतुक केलेली असते. 'एमबी' म्हणजे विषारी वायूची धुरी, ती नको. आणि खिळे सगळे उपसा. राहिलेला एक खिळा रंध्याच्या पात्याला खाच पाडतो.

[दगड, पाणी, 20 मिमीची पटाशी]

नवी पटाशी दुकानातून येते तीच बोथट. आधी पाठ, म्हणजे उतार नसलेली बाजू, सपाट करा, टोकाकडचे दोन-तीन सेंटिमीटर पुरे. उतार 25 अंशांचा, अगदी कडेला 30. 1000 ग्रिटच्या दगडावर घासत राहा (आकडा मोठा तितका दगड बारीक). पाठीच्या बाजूनं बोटाला खरखरीत कोर, म्हणजे घासून वळलेली धातूची बारीक कड, लागली पाहिजे, तीही पात्याच्या पूर्ण रुंदीत. बहुतेक जण इथंच घाई करतात. मग 6000चा दगड, आणि पाठ सपाट टेकवून कोर काढायची. पाइनच्या आडव्या कापलेल्या तोंडावरून तंतू न चिरडता पातळ साल निघाली, तर धार लागली.

[दोन पट्ट्या, 40 मिमी रुंद, 20 जाड]

पहिलं काम स्टूल नव्हे. पहिलं काम अधिक चिन्हासारखा सांधा, दोन्ही पट्ट्यांची निम्मी जाडी कापून.

प्रत्येक पट्टीची एक बाजू रंधून सपाट करा, तिच्यावर खूण करा. रंधताना लाकूड उचकटलं, तर पट्टी फिरवून उलट दिशेनं रंधा. सुरुवातीला दाब पुढच्या मुठीवर, शेवटी मागच्या. नाहीतर टोकं उतरतात.

आता मार्किंग गेज, म्हणजे ठरावीक अंतरावर समांतर रेघ मारायचं अवजार, 10 मिमीवर. दोन्ही पट्ट्यांवर रेघ खुणेच्या बाजूकडूनच मारायची. एका पट्टीत खुणेच्या बाजूचं लाकूड काढायचं, दुसरीत विरुद्ध बाजूचं. असं केलं की गेज चुकून 10.3वर असली तरी बिघडत नाही: एकीची खाच 10.3 खोल, दुसरीत उरलेलं लाकूडही 10.3 जाड. खुणा वरच्या बाजूला ठेवून बसवल्या की पृष्ठभाग जुळतात. एक रेघ उलट बाजूनं मारली की पायरी पडते, आणि माणूस पटाशीला दोष देतो.

रुंदीच्या रेघा पेन्सिलीनं नको, गुण्या (काटकोनाची पट्टी) धरून चाकूनं. करवत रेघेच्या आत, टाकाऊ भागात. मधे आणखी तीन-चार काप घ्या. पटाशी दोन्ही कडांकडून मध्याकडे चालवा. एकाच कडेनं रेटली तर पलीकडची कड फुटते.

हातानं दाबून, शेवटी मोगरीचे (लाकडी हातोड्याचे) एक-दोन हलके ठोके देऊन सांधा बसावा. सैल झाला तर करवत रेघेवर गेली होती. फेविकॉलनं ती फट भरून काढू नका, त्यात जोर येत नाही. पट्टीचा तो भाग कापून टाका आणि पुढच्या भागावर पुन्हा आखा.