टिकलीखालचं स्टेशन

नमस्कार श्रोतेहो.

लालबागला माझं रेडिओदुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर आता मिक्सर, इस्त्री, पंखा ही नावं वर सरकलीत आणि रेडिओ सगळ्यात खाली गेलाय. पण पुसलेला नाही. गेल्या महिन्यात एक आजी पिशवीतून ट्रान्झिस्टर घेऊन आल्या. डायलच्या काचेवर एका जागी लाल टिकली चिकटवलेली. म्हणाल्या, "सुई टिकलीखाली आणली की माझी विविध भारती लागायची. आता नुसती खरखर येते. बंद केली की काय रे त्यांनी?"

विविध भारती चालू होती. डायलचा दोरा घसरला होता. ट्यूनिंगच्या दांड्याला या बारीक दोऱ्याचे दोन-तीन वेढे असतात, मग तो ड्रमवरून फिरून स्प्रिंगला बांधलेला असतो आणि वाटेत सुई त्याला धरून चालते. दोरा सैल पडून सुई त्यावरून घसरली की आतला गँग, म्हणजे स्टेशन पकडणारा भाग, बरोबर फिरतो, सुई मात्र मागे राहते. स्टेशन जागेवरच असतं, सुई चुकीचं बोट दाखवत असते. चिमट्याने दोरा ताणला, सुई पुन्हा बसवली, टिकलीखाली गाणं आलं. आजी गाणं संपेपर्यंत स्टुलावर बसून राहिल्या.

अशा खुणा मी खूप पाहिल्यात. नेलपॉलिशचा ठिपका, ब्लेडचा ओरखडा, खळीने चिकटवलेला कागदाचा त्रिकोण. कुठल्या घराची सुई कुठे थांबते ते सेट उघडण्याआधीच कळायचं. पूर्वी एका चाळीतले चार सेट आले तर चार खुणा चार जागी असायच्या. आता खुणा कुठेही असल्या तरी ऐकू येतं ते बरंचसं सारखंच. त्यावरून डोक्यात आलं, की या मुंबईचा अख्खा डायल कुणी माझ्या हातात दिला, तर मी त्यावर काय काय मांडीन?

आधी जागा किती आहे ते सांगतो. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ, म्हणजे वीस मेगाहर्ट्झ. आपल्याकडे एका शहरातल्या दोन खासगी स्टेशनांमध्ये ०.८चं अंतर ठेवायची पद्धत पडली. मुंबईत पाहा, ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३. जिन्याच्या पायऱ्याच जणू. दुरुस्त केलेला सेट ठीक जुळलाय का, हे मी या पाच पायऱ्यांवरून बघतो. पाचही सारख्या अंतरावर लागल्या तर काम फत्ते. या हिशोबाने पट्ट्यात पंचवीसेक पायऱ्या बसतात. अंतर निम्मं केलं तर दुप्पट. म्हणजे जागेची टंचाई, जी मुंबईत सगळ्याच गोष्टींना आहे, ती इथे तितकीशी नाही.

मग सगळीकडे नवी हिंदी गाणी आणि त्यांच्या मधे भरधाव बोलणारी माणसंच का? खासगी स्टेशनला फ्रिक्वेन्सी लिलावात मिळते. सुरुवातीची रक्कम एकदम भरायची, पुढे दर वर्षी एकूण उत्पन्नाचे निदान चार टक्के सरकारला. एवढे पैसे ओतल्यावर माणूस गर्दी असेल तिथेच गाडी लावणार. दादर स्टेशनबाहेर वडापावच्या गाड्या एकमेकींना चिकटून का उभ्या असतात? दहाव्या गाडीवाल्यालाही वाटतं, थालीपीठ विकून कोपऱ्यात एकटं उभं राहण्यापेक्षा या गर्दीतला दहावा हिस्सा बरा. त्याचं चूक नाही, थालीपीठ खाणाऱ्याचे मात्र हाल. पण या दहा गाड्यांतल्या दोन एकाच मालकाच्या असतील, तर तो दुसरीवर वडापाव ठेवणार नाही. स्वतःचंच गिऱ्हाईक कशाला तोडेल? एका शहरात एका मालकाला एकाहून जास्त स्टेशनं घेता येतात. एकूण स्टेशनांच्या चाळीस टक्क्यांपर्यंत, आणि शहरात किमान तीन वेगळे मालक हवेत, असा नियम आहे. मला तो पटतो. फक्त दुसरी फ्रिक्वेन्सी देताना बजावून सांगायला हवं, की बाबा, हिच्यावर दुसरं काहीतरी शिजव.

तर माझ्या डायलवरचं पहिलं स्टेशन शहराचं. गाणं नाही. लोकल कुठे अडकल्या, रविवारी मेगाब्लॉक कुठून कुठपर्यंत, पाणी कुठल्या वॉर्डात येणार नाही, भरती किती वाजता. मराठीत, शांत आवाजात, दर दहा मिनिटांनी पहिल्यापासून, कारण घरातून निघणारा माणूस दहाच मिनिटं ऐकतो. यावर कुणी म्हणेल, खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्याच जशाच्या तशा लावाव्या लागतात. खरं आहे. पण त्याच नियमांत रहदारी, हवामान, पाणी, वीज, परीक्षांचे निकाल, नैसर्गिक आपत्ती यांची माहिती बातमीत धरलेली नाही. म्हणजे कायद्याने पाणीकपात ही बातमीच नाही! आमच्या इमारतीतल्या बायकांना हे सांगून पाहा एकदा. तेव्हा असं स्टेशन काढायला कायदा आडवा येत नाही, इच्छा तेवढी आडवी येते.

भरतीचं मी मुद्दाम म्हटलं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज उपयोगाची नाही. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले, की नाल्यांतलं पाणी समुद्रात जायचं थांबतं आणि आमच्याकडे परळचा हिंदमाता चौक पाण्याने भरतो. कोळीवाड्यातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. कांदिवलीहून परळला कामाला येणाऱ्याला कुणीतरी सांगावं लागतं.

२६ जुलै २००५ तुम्हाला आठवत असेल. मोबाइल लागत नव्हते, वीज गेली होती. मी दुकानाच्या काउंटरवर सेलवर चालणारा सेट ठेवला आणि आवाज मोठा केला. गुडघाभर पाण्यात लोक उभे. कुणाला गाणं नको होतं. एकच प्रश्न, "गाड्या सुरू झाल्या का?" सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७५सुद्धा नाही. एकाच शहरात! कुलाब्याच्या खिडकीत बसून बोलणाऱ्याला सांताक्रूझच्या कलिन्यात काय चाललंय ते दिसत नाही. म्हणून या स्टेशनचे मी तुकडे पाडीन. मुख्य आवाज एक, पण बोरिवली, कुर्ला, मुलुंड, परळ इथे एकेक माणूस माइक घेऊन, ज्याला आपल्या गल्लीतलं पाणी किती चढलं ते दारात उभं राहून सांगता येतं.

आणि त्याहूनही छोटी स्टेशनं. सामुदायिक रेडिओ. मुंबई विद्यापीठाचं १०७.८वर आहे, पुणे विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४वर. तिकडे माण तालुक्यात, म्हसवडला, माणदेशी तरंग चालतं, तिथल्या बायकांच्या बोलीत. २००६पासून स्वयंसेवी संस्थांनाही अशी स्टेशनं काढता येतात. ताकद शंभर वॅट. पूर्वी जिन्यात पिवळा बल्ब जळायचा ना, तेवढी. खेडेगावात शंभर वॅटमध्ये दहा-वीस गावं येतात. मुंबईत काय येतं? धारावीत मनोरा उभा केला आणि आवाज पाच किलोमीटर गेला असं धरा. वर्तुळाचं क्षेत्रफळ होतं अठ्ठ्याहत्तर चौरस किलोमीटर. इथे एका चौरस किलोमीटरला वीस हजार माणसं. म्हणजे पंधरा लाख. तिसरा हिस्सा समुद्रात गेला तरी दहा लाख उरतात. जिन्यातल्या बल्बएवढ्या विजेत दहा लाख माणसं! मला धारावीचं एक हवं, वरसोव्याच्या कोळीवाड्याचं एक, गोवंडीचं एक. वरसोव्याचं स्टेशन १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असताना काय बोलेल आणि नारळी पौर्णिमेच्या आदल्या रात्री काय बोलेल, ते मला ऐकायचंय.

गाण्यांची स्टेशनं असणारच. मी काही सोवळ्यातला माणूस नाही, दुकानात दिवसभर गाणी चालतात. नव्या हिंदी गाण्यांना दोन पुरेत. जुन्यांना एक. एक संपूर्ण मराठी, त्यात भावगीत, लावणी, कोळीगीत, शाहिरी, भीमगीतं आणि काल घरातल्या खोलीत मुलाने लॅपटॉपवर केलेलं रॅपसुद्धा. बोलणाऱ्याने गाण्याआधी गीतकार आणि संगीतकाराचं नाव सांगायचं, ही एकच अट. विविध भारतीवर ती शिस्त लहानपणी कानाला लागली. अजून कुणी नाव न सांगता गाणं लावलं की भाजीत मीठ नसल्यासारखं वाटतं.

शास्त्रीय संगीताला एक पूर्ण फ्रिक्वेन्सी. चोवीस तास. सकाळचे राग सकाळी, रात्रीचे रात्री, आणि विलंबित ख्याल मधे कापायचा नाही. जाहिरातदार येणार नाहीत, माहीत आहे. त्याचा खर्च सरकारला मिळणाऱ्या त्या चार टक्क्यांतून करा.

मुलांचं स्टेशन, नभोनाट्याचं स्टेशन, गुजराती, उर्दू, तमिळ, तुळू, कोकणी यांनी तास वाटून घेतलेलं एक, हे सगळं आहेच माझ्या डोक्यात. त्यावर थांबत नाही, कारण रात्रीबद्दल बोलायचंय.

रात्री एकच्या सुमाराला शेवटच्या लोकल जातात आणि पहाटे चारच्या पुढे पहिल्या निघतात. त्या मधल्या तीन तासांत जी माणसं जागी असतात, त्यांच्यासाठी कुणी बोलत नाही. बहुतेक ठिकाणी गाण्यांची यादी लावून ठेवलेली असते. आमच्या समोरच्या इमारतीचा वॉचमन जौनपूरचा. त्याच्या सेटचा स्पीकर मी तीनदा बदलला, कारण तो सेट खुर्चीच्या दांड्याला सुतळीने टांगतो आणि खुर्ची पडली की सेट पडतो. मी विचारलं, "ऐकतोस काय एवढं?" म्हणाला, "कोई बोले तो नींद नहीं आती. गाने से आती है." वॉचमन, वॉर्डातल्या सिस्टर, पावाच्या भट्टीवरची पोरं, दादरला फुलांचे हारे उतरवणारे, ससून डॉकला बर्फ फोडणारे. त्यांच्यासाठी एक माणूस रात्रभर बोलणारा हवा. फार हुशार नको. हळू बोलणारा हवा, फोन घेणारा हवा, आणि तीन वाजता "तीन वाजले" असं सांगणारा हवा.

वेळ सांगणं हे तर रेडिओचं जुनंच काम. माझे वडील गिरणीत होते. चाळीत घड्याळ दोन घरांत, पण भोंगा सगळ्यांना आणि रेडिओ सगळ्यांना. कामगारांसाठीचा कार्यक्रम, कामगार सभा, लागली म्हणजे अमकं झालं पाहिजे, बातम्या लागल्या म्हणजे तमकं. १९८२च्या संपानंतर भोंगे एकेक करून गेले. रेडिओवरचे कार्यक्रम तेव्हाही ठरल्या वेळीच लागायचे. घरात पगार नव्हता, पण वेळ कळत होती.

आता शेवटचं, मिडीयम वेव्ह, एफएमच्या आधीचा जुना पट्टा. मुलं हसतील. सध्या दुकानात मिडीयम वेव्ह लावली की मोबाइलचा चार्जर आणि एलईडी दिवे अशी घरघर करतात की विचारू नका. गिऱ्हाइकाला वाटतं सेट बिघडला. मी चार्जर काढून दाखवतो, घरघर गायब. तरी माझ्या डायलवर ती राहील. एफएम सरळ रेषेत जातं, डोंगर आला की अडतं. दोन टॉवरच्या मधे तर सेट वीतभर सरकवला की खरखर जाते आणि पुन्हा सरकवला की येते. मिडीयम वेव्हच्या लहरी जमिनीला धरून चालतात, आणि खाऱ्या पाण्यावरून तर जमिनीपेक्षा जास्त लांब जातात. किनाऱ्यावरच्या गावाला आणि बोटीला याहून स्वस्त सोय नाही. रात्री त्याच लहरी आभाळातून परतून आणखी लांब पडतात. २३ जुलै १९२७ला मुंबईचं केंद्र सुरू झालं तेही मिडीयम वेव्हवरच. इथलं स्टेशन कोकणात आपल्या आईला ऐकू येतंय, हे माहीत असलेली पुष्कळ माणसं लालबाग-परळला राहायची. बातम्यांत मुंबईच्या पावसाचं आलं, की तिकडे तिला काळजी आणि इकडे हा पत्र टाकणार.

माझ्या दुकानात एक सेट आहे, विकायचा नाही. गिऱ्हाईक नसलं की मी त्याची सुई हळूहळू फिरवतो. परवा बायकोकडून टिकल्यांचं पाकीट मागून घेतलं आणि जिथे नुसती खरखर आहे अशा तीन जागी तीन टिकल्या लावल्या. एक शहराच्या स्टेशनची, एक वरसोव्याची आणि एक रात्रीच्या त्या माणसाची. काल आजी पुन्हा आल्या होत्या, सेल घ्यायला. त्यांनी टिकल्या पाहिल्या, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "या तीन जागी काय लागतं रे?"

मी सुई पहिल्या टिकलीखाली आणून दाखवली. खरखर ऐकून त्यांनी विचारलं, "दोरा घसरला का?"