‘घरात सांगू नका’ म्हणणारा फोन

नमस्कार.

माझ्याजवळ वहीतून फाडलेलं एक पान आहे. माझ्या मावशीच्या हातचं. तिनं आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे अक्षर अगदी फळ्यावर लिहिल्यासारखं. पहिली ओळ आहे, ‘फोन ठेवायचा नाही.’ दुसरी, ‘खोलीचं दार लावून घ्यायचं.’ तिसरी, ‘चौकशी गुप्त आहे, घरात कुणालाही सांगायचं नाही.’ त्याखाली एक खातेक्रमांक दोनदा लिहिलाय. दुसऱ्या वेळचे आकडे वेडेवाकडे आलेत, कारण तोवर तिचा हात थरथरत होता.

पलीकडचा माणूस स्वतःला अधिकारी म्हणवत होता. तुमच्या नावावर गुन्हा दाखल आहे, अटक टाळायची असेल तर मी सांगतो तसं लिहून घ्या, असं त्यानं सांगितलं. हजारो मुलांना शुद्धलेखन घातलेली बाई दोन तास त्याचं शुद्धलेखन लिहीत बसली. काका शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. मधे एक दार होतं, आणि तेच त्यानं आधी लावून घ्यायला लावलं.

गेली वीसेक वर्षं मी संगणकाच्या सुरक्षेचं काम करतोय. तरी मला हा सगळा विषय नीट कळला तो या पानावरून. इंटरनेटवरच्या फसवणुकीची नावं रोज बदलतात. आज बनावट अधिकारी, उद्या लॉटरी, परवा घरबसल्या नोकरी, नंतर लग्नाचं स्थळ. आत मात्र तीच ती यंत्रणा असते. माणसाला घाबरवायचं, हुरळवायचं किंवा प्रेमात पाडायचं, मग घाई करायची आणि त्याला घरच्यांपासून तोडायचं. एकोणिसाव्या शतकात युरोपात ‘स्पॅनिश कैदी’ नावाची पत्रं फिरायची. एक श्रीमंत माणूस तुरुंगात अडकलाय, त्याला सोडवायला पैसे पाठवा, मोठा वाटा मिळेल, फक्त कुठे बोलू नका. पुढे तशाच ई-मेलना ‘४१९’ हे नाव पडलं, ते नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातल्या फसवणुकीच्या कलमावरून. कागद गेला, ई-मेल आला, आता फोन आलाय. ‘कुठे बोलू नका’ ही अट मात्र तिथेच आहे.

म्हणून घरात एकच नियम करायचा असेल तर हा करा. जो माणूस ‘घरात सांगू नका’ म्हणतो, त्याचं घरात सांगायचं. लगेच, फोन चालू असतानाच. कोणतीही खरी बँक, कोणताही खरा अधिकारी तुम्हाला तुमच्याच माणसांपासून लपायला सांगत नाही.

आता ओळखीच्या नावानं होणारी फसवणूक. ४ मे २००० रोजी ‘आय लव्ह यू’ असा विषय असलेला एक ई-मेल फिलिपिन्समधून निघाला आणि बघता बघता जगभर पसरला. सोबतची फाईल उघडली की तो तुमच्या पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना पुढे जायचा. अनोळखी माणसाचं प्रेमपत्र कुणी उघडलं नसतं, पण ते आलं होतं ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या नावानं. आज तेच व्हॉट्सॲपवर चालतं. मैत्रिणीचं खातं चोरांनी आधीच बळकावलेलं असतं, आणि तिच्या नंबरवरून मेसेज येतो, ‘चुकून तुझ्याकडे सहा आकडी कोड आलाय, जरा पाठव ना.’ तो कोड तुमच्याच खात्याची किल्ली असते. पाठवलात की खातं चोरांच्या हातात जातं, आणि पुढच्या तासाभरात तुमच्या नावानं तुमच्या नातेवाइकांकडे पैसे मागितले जातात. बँकेच्या ओटीपीचंही तसंच आहे. पासवर्ड चोरीला गेला तरी फोन तुमच्याच हातात आहे, याचा पुरावा म्हणून ओटीपी येतो. तो सांगितला म्हणजे दुसरं कुलूपही आपणच उघडून दिलं.

आणि आता तर आवाजही उसना घेता येतो. थोडंसं ध्वनिमुद्रण मिळालं तरी यंत्र एखाद्याचा आवाज काढू शकतं. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमधल्या एका कर्मचाऱ्यानं व्हिडिओ कॉलवर वरिष्ठांना पाहिलं, त्यांचं बोलणं ऐकलं आणि सुमारे वीस कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. कॉलवरची बाकीची माणसं बनावट होती. त्यामुळे ‘आवाज त्याचाच होता हो’ हा पुरावा आता उरला नाही. मुलाचा रडत फोन आला, अपघात झालाय, पैसे पाठवा, तर फोन ठेवा आणि तुमच्याकडे साठवलेल्या त्याच्या नंबरवर स्वतः लावा. आमच्या घरी आम्ही एक शब्दही ठरवून ठेवलाय. तो कुठल्याही चॅटमध्ये लिहायचा नाही, समोरासमोरच सांगायचा.

बनावट लिंकबद्दल थोडक्यात सांगतो. ब्राउझरमधलं कुलपाचं चिन्ह पाहून निर्धास्त होऊ नका. तुमच्या आणि त्या साइटच्या मधे कुणी डोकावत नाही, एवढंच ते सांगतं. पलीकडे चोर बसला असेल तरी कुलूप दिसू शकतं. पत्ता वाचताना सुरुवातीचं ‘https://’ सोडा, त्यानंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत जा आणि तिथून मागे वाचा. खरं नाव तिथे, शेवटाला असतं. सुरुवातीला बँकेचं नाव कुणीही चिकटवू शकतो. याहून सोपं म्हणजे बँकेच्या मेसेजमधली लिंक दाबायचीच नाही, ॲप आपणहून उघडायचं.

पासवर्डवर लोक फार वेळ घालवतात, आणि तोही नको त्या ठिकाणी. २००९ मध्ये ‘रॉकयू’ नावाच्या कंपनीकडून तीन कोटींहून अधिक पासवर्ड फुटले, त्यांत सर्वांत जास्त वेळा आढळला ‘१२३४५६’. अशा याद्या चोर जपून ठेवतात आणि तीच ई-मेल आणि पासवर्डची जोडी दुसऱ्या साइटवर लावून बघतात. म्हणजे एकच पासवर्ड सगळीकडे वापरणं हा खरा धोका. लांब पासवर्ड ठेवा, प्रत्येक खात्याला वेगळा. लक्षात राहत नसेल तर घरातल्या वहीत लिहा. लोक याला नावं ठेवतात, पण परदेशात बसलेला चोर तुमचं कपाट उघडू शकत नाही. सगळ्यांत आधी ई-मेलचं खातं सांभाळा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरचं दुसरं कुलूप, चालू करा. बाकी बहुतेक खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. आणि फोनची रेंज अचानक गेली, शेजारच्याची आहे आणि तुमचीच नाही, तर दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा. कुणीतरी तुमच्या नावानं नवं सिम काढून घेतलेलं असू शकतं, आणि मग तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातात.

मुलांच्या बाबतीत मला जास्त बोलायचंय. गेममध्ये किंवा इन्स्टाग्रामवर एक मुलगी बोलायला लागते. आपल्याच वयाची, गोड. दोन दिवसांत ती एक फोटो पाठवते आणि बदल्यात एक मागते. तो फोटो गेला की मिनिटाभरात भाषा बदलते. पैसे दे, नाहीतर तुझ्या वर्गातल्या सगळ्यांना पाठवतो. ही मुलगी नसतेच. चौदा ते सतरा वर्षांचे मुलगे या सापळ्यात फार सापडतात, आणि काहींनी या भीतीपोटी जीव दिलाय. मी हा शब्द जपून वापरतोय, पण गाळणार नाही. त्या रात्री त्या मुलाला एकच हिशोब दिसत असतो, की आईबाबांना कळलं तर संपलं. चोराला तो हिशोब पुरेपूर माहीत असतो.

म्हणून हे त्याला आजच सांगून ठेवा, काही घडायच्या आधी. ‘असं कधी झालं तर मला उठव. रात्री दोन वाजता उठव. मी रागावणार नाही, फोन काढून घेणार नाही.’ आणि मग खरंच काढून घेऊ नका. वेळ आलीच तर पैसे द्यायचे नाहीत, कारण दिले की मागणी वाढते. गप्पा पुसायच्या नाहीत, स्क्रीनशॉट घ्यायचे, मग ब्लॉक करायचं, त्या ॲपकडे आणि पोलिसांकडे तक्रार करायची. अल्पवयीन मुलांसाठी ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. फोनमध्येच त्याचा एक आकडी ठसा तयार होतो, आणि या सेवेत सामील असलेल्या कंपन्या त्या ठशावरून फोटो शोधून काढून टाकू शकतात. ‘आता तो फोटो सगळीकडे जाणारच’ असं वाटणाऱ्या मुलाला ही माहिती जीवदान देऊ शकते.

पलीकडे फोनवर कोण असतं, हेही जाणून घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं, की म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसांना डांबून त्यांच्याकडून ही फसवणूक करून घेतली जात असावी. नोकरीच्या जाहिरातीला भुलून गेलेली माणसं ती. म्हणजे तुमची आजी एकटीनं ज्याच्याशी झुंजते, तो एक पाळ्यांवर चालणारा कारखाना असतो. लोकांना प्रेमात पाडून गुंतवणूक करायला लावणाऱ्या फसवणुकीला आधी ‘डुकरं कापणं’ अशा अर्थाचं नाव होतं. इंटरपोलनं डिसेंबर २०२४ मध्ये ते नाव टाकून द्यायला सांगितलं, कारण फसलेल्या माणसाला त्या शब्दाचीच लाज वाटते आणि तो तक्रारीला पुढे येत नाही.

मावशीनं आम्हाला अकरा दिवसांनी सांगितलं. चोरीचे पैसे काही तासांत एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जातात. बँकेला लगेच कळलं तर ते वाटेत अडवता येण्याची आशा असते, अकरा दिवसांनी जवळजवळ काहीच उरत नाही. ती गप्प का बसली हे मला विचारावं लागलं नाही, कारण तिनं सांगितल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, ‘एवढी शिकलेली तू, आणि तुला कळलं कसं नाही?’ हेच वाक्य ऐकायला लागू नये म्हणून ती अकरा दिवस जागली होती. नंतर मी तिची माफी मागितली. तिनं फक्त मान हलवली.

जे एकदा फसतात त्यांचे नंबर विकले जातात. आठ महिन्यांनी तिला पुन्हा फोन आला, तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, आधी थोडी फी भरा, आणि तूर्तास हे घरात बोलू नका. मावशी फोन कानाला लावूनच उठली, खोलीचं दार उघडून बाहेर आली, काकांच्या समोर बसली आणि तिनं स्पीकर चालू केला. मग त्याला म्हणाली, ‘हं, आता पहिल्यापासून सांगा.’