सीटमध्ये हवा किती भरायची?

एकचाकी, म्हणजे एकाच चाकाची सायकल, शिकायला येणारी मुलं पडायला घाबरत नाहीत. शिवाजी पार्कच्या कट्ट्याचा आधार घेत दोन-तीन आठवड्यांत ती तोल सांभाळतात, पुढे ५०-१०० फूट सलग जातात. सोडून जातात ती त्यानंतर, लांब चालवू लागल्यावर. कारण मोठ्याने कुणी सांगत नाही. बसायला दुखतं, मांड्यांच्या मध्ये बधिर होतं. मूल संकोचाने ‘पाय दुखतोय’ म्हणतं आणि यायचं थांबतं. मोठी माणसंही हेच करतात. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून आज सगळा वेळ मी सीटलाच देणार आहे.

साध्या सायकलवर शरीराचा भार तीन ठिकाणी वाटला जातो: हँडल, पेडल आणि सीट. एकचाकीला हँडल नाही. पेडल थेट चाकाला जोडलेलं, फ्रीव्हील (पाय थांबले तरी चाक फिरू देणारा भाग) नाही, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पाय थांबवून जरा उठून बसावं म्हटलं तर तेही जमत नाही. बहुतेक भार एका अरुंद सीटवर येतो. आपली बैठकीची दोन हाडं असतात, ती भार पेलायलाच आहेत. त्यांच्या मधल्या भागातून मात्र नसा आणि रक्तवाहिन्या जातात. तिथे दाब आला की मुंग्या येतात. उतरल्यावरही बधिरपणा जात नसेल तर सीट बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा.

यावर लोकांचा पहिला उपाय म्हणजे जाड फोम. नवा असताना बरा वाटतो. पण फोम जिथे जास्त दाबला जातो तिथेच जास्त उलटा दाबतो. फोमऐवजी सीटमध्ये सायकलची हवा भरलेली ट्यूब घातली तर तसं होत नाही. बंद ट्यूबमध्ये दाब सगळीकडे सारखा असतो. एका जागी भार पडला की हवा सरकते आणि दुसरी जागाही भार उचलू लागते.

आमच्या लालबागच्या चाळीत आजीच्या ऑपरेशननंतर बसायला रबरी हवेची रिंग आणली होती. आम्ही मुलांनी ती टम्म फुगवून दिली. आजीला बसवेना. शेजारच्या नर्सबाईंनी काही न बोलता अर्धी हवा सोडली आणि आजी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बसून जेवली. त्या अर्ध्या हवेचा अर्थ मला कितीतरी वर्षांनी, सीट बनवताना कळला.

हिशेब करून पाहा. माझं वजन ६४ किलो. थोडा भार पेडलवर जातो, सीटवर ४५ किलो धरू. अंग २५० चौरस सेंटिमीटरवर टेकलं तर दर चौरस सेंटिमीटरला १८० ग्रॅम, म्हणजे साधारण अडीच पीएसआय (पंपावर हवेचा दाब मोजतात ते माप). आता तीच ट्यूब टणक फुगवली तर ती गोल होते, टेकायची जागा निम्मी होते आणि अंगावरचा दाब दुप्पट, पाच पीएसआय. सायकलच्या टायरला चाळीसच्या आसपास हवा लागते, त्या सवयीने आपण पंप मारत राहतो. बेलफास्टच्या डनलप या जनावरांच्या डॉक्टरांनी १८८७-८८ साली मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचं टायर केलं, तेव्हा हवेचं काम चाक सुखाने पळवणं हे होतं. सीटमध्ये तिचं काम पसरणं आहे.

ट्यूब १२ इंची घ्या, लहान मुलांच्या सायकलची, कुठल्याही सायकलवाल्याकडे मिळते. तिचं कडं दाबून लांबट केलं की साधारण ४० सेंटिमीटर होतं आणि सीटवर पुढून मागे बसतं. दोन पदर शेजारी शेजारी राहतात, मध्ये आपोआप चर पडतो. नसांची जागा नेमकी तिथे येते. ही रचना मला अतिशय आवडते. व्हॉल्व्ह मोटारसायकलच्या ट्यूबसारखा, मधल्या पिनेचा असावा, नखाने दाबून हवा सोडता येते.

सीटच्या पुढची पकडायची मूठ आणि मागचा बंपर स्क्रू काढून सोडवा, कडेच्या स्टेपलच्या पिना पक्कडीने उपटा, कव्हर काढा. फोम सगळा फेकू नका. वरचा सेंटिमीटरभर थर ठेवा, खालचा कापा. मग प्लॅस्टिकच्या बेसला व्हॉल्व्हसाठी भोक पाडा आणि त्याची कड कानशीने गोल करा. सीट पोस्टचे, म्हणजे सीटखालच्या दांड्याचे, बोल्ट बेसमधून वर डोकावतात, त्यांच्यावर जुन्या ट्यूबचे दोन थर सोल्यूशनने चिकटवा. माझी पहिली सीट याच बोल्टने तिसऱ्या दिवशी पंक्चर केली. टाल्कम पावडर लावून ट्यूब ठेवा, नाहीतर घडीपाशी रबर घासतं. कव्हर परत बसत नसेल तर रिक्षाच्या सीट शिवणाऱ्याकडे न्या. रेक्झिन ताणून बसवण्याचा हात त्यांचा आहे, आपला नाही.

आता हवा. आधी जरा जास्त भरा, भिंतीला धरून सीटवर बसा आणि नखाने पिन दाबत हळूहळू सोडत जा. हाड बेसला टेकल्यासारखं वाटलं की थांबा आणि पंपाचा अर्धा दट्ट्या परत मारा. हाडाखाली साधारण अर्धा इंच हवा राहिली पाहिजे. बसल्यावर उंची बदललेली असते, पोस्ट त्यानंतर लावा.

मुंबईकरांना एक वेगळं सांगायला हवं. पहाटे २४ अंशांना मरीन ड्राइव्हवर हवा बरोबर लावली आणि दुपारी ३४ अंशांना बसलात, तर हवेचा एकूण दाब (बाहेरच्या वातावरणाचा धरून, साधारण १७ पीएसआय) तीन-साडेतीन टक्के वाढतो. टायरला ते जाणवणारही नाही. पण सीटच्या दोन-अडीच पीएसआयमध्ये अर्ध्या पीएसआयची भर पडू शकते, ट्यूब ताणली गेल्यामुळे थोडी कमी. काळं रेक्झिन उन्हात ठेवलं असेल तर फरक आणखी मोठा. म्हणून बसण्याआधी अंगठ्याने दाबून पाहायचं, रोज.

आणि नवशिक्याला ही सीट देऊ नका. एकचाकी कमरेने आणि मांड्यांनी वळवायची असते. हवा डाव्या पदरातून उजव्यात जाते, सीट डुलते, शरीराचा इशारा चाकापर्यंत उशिरा पोचतो. कव्हर घट्ट असेल तर डुलणं कमी होतं, पण जात नाही. उड्या मारणाऱ्यांनाही टणक फोमच बरा. किलोमीटरभर सलग चालवता येऊ लागलं की मग ट्यूब.

आता या दोन्ही सीट, एक फोमची आणि एक हवेची, मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. अंगठ्याने दाबा, तळवा ठेवून सगळं वजन टाका. हवेची कोणती ते मी सांगत नाही. ती उघडून पाहायची असेल तर पक्कड माझ्याकडे आहे.