पाण्यातला कावा आणि ॲसिटोनमधला कावा

आजचा जाहीर विषय आहे ‘कावा आणि जगभरातले कायदे’. कावा म्हणजे पॅसिफिक बेटांवरचं एक झुडूप, आणि त्याच्या मुळ्यांपासून करतात ते अंग सैल करणारं पेयही. कायद्यांकडे मी येणारच आहे, पण आधी झाडाकडे जाऊ. माझं मुख्य म्हणणं झाडापासूनच सुरू होतं. युरोपात कायदे झाले ते झाडाच्या नावावर. वाण कोणता, झाडाचा भाग कोणता आणि तो कशात उतरवला, हे तीन प्रश्न त्या कायद्यांनी विचारलेच नाहीत.

पायपर प्रजाती तुमच्या ओळखीची आहे. मिरी, पिंपळी, विड्याचं पान ही सगळी त्यातलीच. पायपर मेथिस्टिकम, म्हणजे कावा, हाही त्याच घरातला. मात्र तो वेल नाही, माणसाच्या उंचीचं झुडूप आहे. आपण मिरीचं फळ घेतो आणि नागवेलीचं पान घेतो. कावाचं जे घ्यायचं ते जमिनीखाली असतं, म्हणजे गड्डा आणि मुळ्या. हे झाड बी धरत नाही. उसाचं बेणं लावतात तशा त्याच्या पेरांच्या कांड्या लावाव्या लागतात. म्हणजे आज जो वाण दिसतो, तो पिढ्यान् पिढ्या कोणीतरी प्यायला, पसंत केला आणि त्याची कांडी पुढे दिली, म्हणून टिकला आहे. ही निवड बहुधा पॅसिफिकमधल्या आजच्या व्हानुआतू या बेटांच्या देशात सुरू झाली. तिथून कांड्या होडीतून फिजी, टोंगा, सामोआ करत थेट हवाईपर्यंत गेल्या.

या निवडीचा कायद्याशी थेट संबंध आहे. कावातलं काम करणारं द्रव्य म्हणजे कावालॅक्टोन. त्यात मुख्य सहा आहेत आणि अभ्यासकांनी त्यांना क्रमांक दिले आहेत. १ म्हणजे डेस्मेथॉक्सीयँगोनिन, २ डायहायड्रोकावेन, ३ यँगोनिन, ४ कावेन, ५ डायहायड्रोमेथिस्टिसिन आणि ६ मेथिस्टिसिन. मुळीत ज्याचं प्रमाण सर्वांत जास्त त्याचा आकडा आधी, असे उतरत्या क्रमाने आकडे लिहायचे की त्या वाणाची खूण तयार होते. खुणेच्या सुरुवातीला ४ आणि २ असतील, तर तो बहुधा ‘नोबल’, म्हणजे रोज प्यायचा वाण. २ आणि ५ पुढे असतील, तर तो ‘टू-डे’, ज्याचा अंमल दुसऱ्या दिवशीही उतरत नाही. मळमळ होते, अंग जड राहतं. व्हानुआतूत टू-डे वाण रोजच्या पिण्यासाठी नसतो. पण तो जोमाने वाढतो आणि रोगाला दाद देत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पेय कसं करतात ते बघू. अर्ध्या कायद्यांची भाषा या कृतीतूनच आलेली आहे. लावणीनंतर तीन ते पाच वर्षांनी झाड उपटतात. गड्डा धुतात आणि सोलतात. साल, जमिनीवरचं खोड आणि पानं पिण्यासाठी घेत नाहीत. व्हानुआतूत ओला गड्डा वाटून लगेच पितात. फिजीत तो वाळवून कुटतात. साधारण पाच किलो ओल्या मालाचा एक किलो सुका होतो. आत ओल राहिली तर बुरशी धरते, आणि निर्यातीचा माल परत येण्याचं ते एक नेहमीचं कारण. फिजीच्या बाजारात बारीक मुळ्या ‘वाका’ म्हणून विकतात आणि गड्ड्याचा भाग ‘लेवेना’ म्हणून. वाका जास्त कडक आणि जास्त महाग.

पूड कापडाच्या पुरचुंडीत बांधायची, तानोआ नावाच्या लाकडी परातीतल्या गार पाण्यात बुडवायची, आणि मळत-पिळत राहायचं. पाणी हळूहळू मातकट, गढूळ होतं. कावालॅक्टोन पाण्यात फारसे विरघळत नाहीत. बारीक कणांबरोबर ते पाण्यात तरंगत राहतात. म्हणून नुसतं भिजत ठेवून भागत नाही, मळावंच लागतं. पाणी गारच का? मुळीत स्टार्च भरपूर असतो. कढत पाणी घातलं की त्याची खळ होते आणि कापडातून काही गळत नाही. मग नारळाच्या करवंटीतून एका दमात प्यायचं. जीभ आणि ओठ बधिर होतात, अंग सैल पडतं, माणसं हळू आवाजात बोलू लागतात. आंबवणं नाही, अल्कोहोल नाही. फिजीतल्या गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या, घरांतही हे पेय ‘ग्रॉग’ म्हणून रुळलेलं आहे.

आता जर्मनीकडे. इथे मी वेळ घेणार आहे, कारण कावावरचा सगळ्यांत मोठा अन्याय इथे झाला असं माझं ठाम मत आहे.

जर्मनीत कावा औषध म्हणून खूप आधीपासून होता. १९९० मध्ये तिथल्या ‘कमिशन ई’ या वनौषधींच्या समितीने त्याला बेचैनी आणि ताणतणावासाठी मान्यता दिली. दिवसाला ६० ते १२० मिलिग्रॅम कावालॅक्टोन, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय तीन महिन्यांहून जास्त नाही, अशी मर्यादा घातली. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी घेऊ नये, हेही लिहिलं. इथपर्यंत सगळं नीट होतं. पण कारखान्यात गार पाणी आणि कापड चालत नाही. तिथे अर्क काढायचा तो इथेनॉलमध्ये नाहीतर ॲसिटोनमध्ये. ॲसिटोनच्या काही अर्कांत कावालॅक्टोन ७० टक्क्यांपर्यंत असत. पाण्यात जे उतरत नाही, असं बरंच काही द्रावकात उतरतं. कावाचं पेय आणि कावाची कॅप्सूल हे दोन वेगळे पदार्थ झाले, नाव मात्र एकच राहिलं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत मागणी भडकली. तयार व्हायला तीन ते पाच वर्षं लागणारं पीक एका हंगामात कसं वाढवणार? मग लवकर वाढणारा टू-डे माल व्यापारात शिरला. आणि सोलल्यावर जे फेकायचं, ती खोडाची साल स्वस्तात अर्कासाठी उचलली गेली. सालीत आणि पानांत पायपरमेथिस्टिन नावाचं अल्कलॉइड असतं. सोललेल्या मुळीत ते जवळजवळ नसतं. यकृताला झालेल्या इजांमागे नेमकं हेच होतं, असं सिद्ध झालेलं नाही. दोषी बुरशी होती, टू-डे वाणातलं फ्लेव्होकावेन-बी नावाचं द्रव्य होतं, सोबतची दुसरी औषधं होती, की काही माणसांची प्रकृतीच तशी होती, यावर अजून वाद आहे. पण कॅप्सूल घेणाऱ्यांत कावीळ आणि हिपॅटायटिसच्या तक्रारी येऊ लागल्या, काहींचं यकृत बदलावं लागलं, काही दगावले. ही माणसं खरी होती. त्यांचं दुखणं नाकारून कावाची बाजू मांडता येणार नाही.

प्रश्न आहे सरकारांनी पुढे काय केलं हा. स्वित्झर्लंडने आधी ॲसिटोनचे अर्क थांबवले, ते समजण्यासारखं होतं. मग २००२ च्या जानेवारीत फ्रान्स, १४ जूनला जर्मनी, ऑगस्टमध्ये कॅनडा, आणि १३ जानेवारी २००३ पासून ब्रिटन. ब्रिटनचा आदेश वाचा. पायपर मेथिस्टिकम, त्याचा कोणताही भाग, कोणताही अर्क, सगळं बंद. सोललेली मुळी आणि फेकायची साल एका ओळीत. व्हानुआतूतल्या पेंटेकोस्ट किंवा सांतो बेटावरच्या शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या जपलेला वाण आणि व्यापाऱ्याने पोत्यात घातलेली भेसळ, कायद्यापुढे एकच. तक्रार झालेल्या कॅप्सूलमध्ये नेमका कोणता वाण होता, हे बहुतेक प्रकरणांत कोणी तपासून ठेवलंच नव्हतं. मला चीड येते ती याची.

२००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तोवरच्या ९३ प्रकरणांचा आढावा घेतला. आठ प्रकरणांत कावाशी जवळचा संबंध दिसला. बऱ्याच प्रकरणांत माहिती अपुरी होती किंवा दुसरी कारणंही शक्य होती. द्रावकाचे अर्क जास्त संशयास्पद ठरले. पण पाण्यातल्या पेयालाही पूर्ण निर्दोष म्हटलेलं नाही, आणि तसं कोणी म्हणूही नये. रोज भरपूर पिणाऱ्यांची त्वचा खवल्यांसारखी होते, रक्तात यकृताचं जीजीटी हे एन्झाइम वाढतं. दारू आणि पॅरासिटामॉलसोबत कावा टाळावा, हेही नीट सांगायला हवं.

जर्मनीत या बंदीविरुद्ध खटला चालला. १० जून २०१४ ला कोलोनच्या प्रशासकीय न्यायालयाने बंदी बेकायदा ठरवली, आणि २०१५ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. धोका फायद्याहून मोठा आहे, हे औषध खात्याला दाखवता आलं नाही. मात्र २०१९ च्या डिसेंबरमध्ये औषध खात्याने परवाने पुन्हा काढून घेतले. सतरा वर्षं हा घोळ चालला.

घड्याळाकडे बोट दाखवलं जातंय, आणि ज्यासाठी तुम्ही आलात ते जगभरातले कायदे अजून बाकी आहेत. तेव्हा भराभर सांगतो.

अमेरिकेत कावावर सरसकट बंदी कधी नव्हती. १९९४ च्या कायद्याखाली तो आहारपूरक म्हणून विकला जातो. मार्च २००२ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने यकृताबाबत इशारा दिला, एवढंच. पण नेहमीच्या खाद्यपदार्थात घालायचा म्हटलं, तर ते प्रशासन त्याला सुरक्षित घटक मानत नाही. म्हणून कावा-बारवाले अडचणीत येतात. उलट हवाईच्या आरोग्य खात्याने जानेवारी २०२४ मध्ये नोबल वाणाचं, पाण्यात किंवा शहाळ्याच्या पाण्यात केलेलं पारंपरिक पेय सुरक्षित मानलं. एकाच देशात दोन उत्तरं आली, आणि हवाईचं उत्तर बरोबर आहे कारण त्यात वाण आणि कृती दोन्ही लिहिलं आहे. पोलंडने तर नुसता बाळगणंही गुन्हा ठरवला होता, तो २०१८ मध्ये काढला.

ऑस्ट्रेलियात उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमधल्या आदिवासी वस्त्यांत १९८० च्या दशकात कावा दारूला पर्याय म्हणून आला, पण त्याचाही अतिरेक झाला. नॉर्दर्न टेरिटरीने १९९८ मध्ये परवान्याचा कायदा केला, आणि २००७ मध्ये केंद्र सरकारने व्यापारी आयातच थांबवली. फक्त प्रवाशाला दोन किलो आणायची मुभा होती, ती २०१९ च्या अखेरीस चार किलो झाली. १ डिसेंबर २०२१ पासून व्यापारी आयात प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. सिडनी-मेलबर्नहून फिजीला सुट्टीला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी एवढं लक्षात ठेवावं : वय १८ पूर्ण, माल सोबतच्या सामानात, आणि चार किलोच्या आत. नॉर्दर्न टेरिटरीचे नियम मात्र वेगळे आणि कडक आहेत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची अन्नसंहिता मला सगळ्यांत समंजस वाटते. सोललेली मुळी किंवा गड्डा, फक्त थंड पाण्यातलं पेय, सेंद्रिय द्रावक नाही, आणि पाकिटावर ‘बेताने घ्या’ आणि ‘झोप येऊ शकते’ या दोन सूचना. थंड पाण्याचं कारण तुम्ही मघाशी ऐकलंच आहे. ऑस्ट्रेलियात गोळी म्हणून विकायचं असेल, तर एका गोळीत १२५ आणि दिवसाला २५० मिलिग्रॅम कावालॅक्टोन ही कमाल मर्यादा आहे.

व्हानुआतूने २००२ मध्येच कावा कायदा केला. वाणांची नोबल, औषधी, टू-डे आणि रानटी विचमानी अशी वर्गवारी केली आणि निर्यातीत नोबलला स्थान दिलं. २०२० मध्ये कोडेक्सने, म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, पाण्यात मिसळून प्यायच्या कावासाठी मानक मंजूर केलं, पण ते प्रादेशिक आहे, युरोपवर बंधनकारक नाही.

आता शेवटचं. वाण ओळखायचा कसा, तपासणार कोण, अशी सबब सांगितली जाते. पूड ॲसिटोनमध्ये हलवायची आणि निवळू द्यायची. नोबल असेल तर द्रव पिवळा दिसतो, टू-डे असेल तर नारिंगी ते लालसर. आकडा हवा असेल तर ४४० नॅनोमीटरवर शोषण मोजायचं. शंका आली तर एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, सहाही कावालॅक्टोन मोजून खूण काढायची. पहिल्या चाचणीला एक परीक्षानळी, थोडं ॲसिटोन आणि कलरीमीटर पुरतो. हे सगळं तुमच्यापैकी बहुतेकांच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आत्ता आहे, आणि युरोपच्या कोणत्याही बंदरावर ते २००२ मध्येही होतं.