वीस मिनिटांची नळी

(दृश्य : पाऊस, जीपचे दिवे, कॅज्युअल्टीचं दार)

जुलै महिना. खानापूरच्या पश्चिमेला भाताची लावणी सुरू आहे. साप चावलेला हा माणूस जांबोटीकडून बेळगावात आणलाय. भाऊ मराठीत सांगतोय, जीपचा ड्रायव्हर कन्नडमध्ये. सिस्टर एकाला म्हणतात, "भिऊ नका हो", दुसऱ्याला "हेदरब्याड्री", आणि केसपेपरवर लिहितात इंग्रजीत. पायाला आवळलेला टॉवेल मात्र त्या लगेच सोडत नाहीत. डॉक्टर आले, सलाईन लागलं, सापाच्या विषावरची लस हाताशी ठेवली, की मगच.

(दृश्य : काचनळी, जवळून)

ही नळी नीट बघा. काचेचीच हवी, कोरी आणि कोरडी. साबणाने धुतलेली चालत नाही. तिच्यात २ मिली रक्त घ्यायचं आणि २० मिनिटं तिला हात लावायचा नाही. तेवढा वेळ सिस्टर मोकळ्या, असं वाटेल. शेजारच्या कॉटवर दम्याची आजी आहे, तिला ऑक्सिजन लावायचाय. पलीकडे अपघाताची केस. रात्रपाळीला दोघीच आहेत.

२० मिनिटं झाली. नळी एकदाच कलती केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं, म्हणजे विषामुळे गोठलंच नाही. घोणस किंवा फुरसं असावं.

(दृश्य : हात, वायल. न कापलेला शॉट)

पहिला डोस लसीच्या १० वायलचा, म्हणजे छोट्या बाटल्यांचा. आत पावडर असते, प्रत्येकीत १० मिली पाणी घालायचं. जोरात हलवली तर फेस येतो, म्हणून हळूहळू गोल फिरवत विरघळवायची. एक झाली, दुसरी... हा शॉट आम्ही मुद्दाम कापलेला नाही. लस घोड्याच्या रक्तापासून बनते, रिअॅक्शन येऊ शकते. म्हणून अॅड्रेनालिनची भरलेली सिरिंज उशाशी, आणि सिस्टरांची बोटं पेशंटच्या नाडीवर.

सिस्टर सोशिक असतात, असं १२ मेच्या भाषणांत दरवर्षी ऐकतो. परिचारिका दिनाला गुलाबही मिळतो. रात्रपाळीला तिसरी सिस्टर तेवढी मिळत नाही.

(दृश्य : खिडकीत उजेड, घड्याळ)

सहा तासांनी पुन्हा नळी. पाळी आठलाच बदललीय. रक्त दिवसपाळीच्या सिस्टरांनी काढलं, पण रात्रीच्या अजून इथंच, भिंतीला टेकून उभ्या. नऊ वाजून पाच मिनिटं. नळी कलती केली. रक्त जागचं हललं नाही.

पेशंट चार दिवसांनी घरी गेला.

रात्रपाळीच्या सिस्टर आता कुठे डबा आणि छत्री उचलतायत.