हात पाहुण्याचे, पियानो कॉलेजचा

[दृश्य : रिकामा रंगमंच. मधोमध झाकण उघडलेला ग्रँड पियानो. दुपारची वेळ.]

सतारवादक आपली सतार घेऊन येतो. व्हायोलिनवाल्याची पेटी त्याच्या खांद्यालाच असते. पियानोवादक मात्र मोकळ्या हातांनी येतो. मैफलीचा ग्रँड पियानो सुमारे 9 फूट लांब, वजन अर्ध्या टनाच्या आसपास. तो बरोबर कोण वागवणार? ज्या गावी कार्यक्रम, तिथं जो पियानो असेल तोच त्या रात्रीपुरता आपला म्हणायचा.

अपवाद आहेत. व्लादिमीर होरोविट्झ दौऱ्यावर स्वतःचा पियानो नेत. क्रिस्तियान झिमरमनही नेतात. 2001 च्या हल्ल्यांनंतर न्यूयॉर्कच्या विमानतळावर डिंकाच्या वासाचा संशय आला आणि त्यांचा एक पियानो नष्ट करण्यात आला. स्व्यातोस्लाव रिख्टर यांची तऱ्हा नेमकी उलटी. पियानो निवडत बसणं त्यांना आवडत नसे. 1986 साली ते मोटारीनं सायबेरियाच्या दौऱ्यावर निघाले आणि वाटेतल्या लहान लहान गावांत वाजवत गेले. आमचं मत रिख्टरना. पण मिळेल त्या पियानोवर वाजवायचं म्हटलं, तरी आधी कुणीतरी तो सुरात आणून ठेवावा लागतो.

[दृश्य : कॉलेजचं आवार, वाहनतळ, कलाकेंद्राची इमारत.]

हे ग्लेन एलिन. शिकागोच्या पश्चिमेला साधारण 40 किलोमीटर. इथल्या कॉलेज ऑफ ड्युपेजमध्ये कुणी नर्सिंग शिकतं, कुणी वेल्डिंग. कम्युनिटी कॉलेज म्हणजे परिसराचं कॉलेज; आसपासच्या घरमालकांच्या घरपट्टीतला एक वाटा त्याला जातो. या प्रकारचं पहिलं कॉलेजही इथून फार लांब नाही. जोलिएटला 1901 साली ते 6 विद्यार्थ्यांवर सुरू झालं. ड्युपेजचं 1967 साली उघडलं तेव्हा त्याला स्वतःचं आवारच नव्हतं. एका गावातला तास संपला की गाडी काढायची आणि दुसऱ्या गावातला वर्ग गाठायचा. रस्त्यावर धावणारा रोडरनर पक्षी कॉलेजचं चिन्ह झाला तो त्यामुळे.

मॅकॅनिंच कलाकेंद्र 1986 चं. त्यातलं मोठं सभागृह 780 आसनांचं. नाव बेलुशी बंधूंचं, कारण जॉन आणि जिम हे दोघे नट याच कॉलेजात शिकले. न्यू फिलहार्मोनिक हा व्यावसायिक वाद्यवृंद इथलाच. संचालक कर्क मस्प्रॅट. 2021 मध्ये तर फ्रीडा काहलोची 26 चित्रं इथं येऊन गेली. शेजारच्या नेपरव्हिलमध्ये मराठी घरं बरीच आहेत. शनिवारी संध्याकाळी शिकागोच्या मध्यवस्तीत गाडी लावायची कटकट ज्यानं केली आहे, त्याला या वाहनतळाचं मोल वेगळं सांगायला नको.

[दृश्य : पियानोचं आतलं अंग. तारांवर लाल फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी.]

मैफलीच्या दिवशी वादकाच्या आधी येतो तो ट्यूनर, पियानो सुरात लावणारा. पट्ट्या 88, पण तारा 230 च्या घरात. खर्जाच्या टोकाला एका स्वराला एकच जाड तार, पुढे दोन, आणि बहुतेक स्वरांना तीन तीन. या सगळ्यांचा मिळून ताण 20 टनांच्या आसपास; तो पेलतो लोखंडी सांगाडा. तिघींपैकी दोघी फेल्टनं गप्प करायच्या, मधली लावायची, मग एकेक मोकळी करून तिच्याशी जुळवायची. दोन तारा जेमतेम चुकल्या असतील तर आवाजात लाट उठते, वँव... वँव... वँव. तारेच्या खुंटीवरच्या चावीला केसभर पीळ दिला की लाट संथ होते, लांबते आणि नाहीशी होते.

त्यावर तो तीच पट्टी दणदणीत ठोकतो. ऐकणारा दचकतो, पण खुंटी घट्ट बसली की नाही हे आत्ता कळलेलं बरं, रात्री बेथोव्हनच्या मधोमध कळण्यापेक्षा.

गंमत अशी, की इथं पंचम शुद्ध लावायचा नसतो. प्रत्येक पंचम किंचित उतरवायचा, तेव्हा कुठे बाराही स्वर कुठल्याही पट्टीत चालून जातात. हार्मोनियमचीही हीच तडजोड. 1940 साली आकाशवाणीनं पेटीला दार बंद केलं, त्यामागच्या आक्षेपांत हाही एक होता. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला पियानोचा गंधार चढा वाटतो. वाटणारच, तो चढा असतोच.

शिकागोचा हिवाळा या कामाचा वैरी. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत हीटरची कोरडी हवा. स्प्रूसच्या लाकडाचा ध्वनिफलक आकसतो आणि सूर उतरतो. जुलैत हवा दमट झाली की फुगतो, सूर चढतो.

[दृश्य : वादक तालीम करताना. ट्यूनर पहिल्या रांगेत.]

पाहुण्यांना या पियानोशी ओळख करून घ्यायला दुपारचे दोन-तीन तासच मिळतात. आधी बाकाची उंची, मग पेडल, मग तक्रारी. वरच्या सप्तकातला एखादा स्वर फार टोचतो म्हणतात. ट्यूनर पट्ट्यांसकट सगळी यंत्रणा बाहेर ओढतो आणि तारांवर आदळणाऱ्या त्या स्वराच्या हातोडीच्या लोकरीत सुई टोचतो. टोचलं की फेल्ट सैल होतं, आवाज मऊ होतो. जास्त टोचलं तर मेला. हा अंदाज पुस्तकात मिळत नाही.

कार्यक्रमात शोपँचे प्रेल्यूड्स, म्हणजे पियानोसाठीच्या छोट्या रचना, असतील तर एका पट्टीकडे विशेष लक्ष. पंधराव्या प्रेल्यूडमध्ये एकच स्वर सतत ठिबकत राहतो. आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत काळी चार. मधल्या भागात रंग पालटतो, खालून काळोख चढत येतो, तरी ती पट्टी थांबत नाही. तिच्या तिघींतली एक तार घसरली तर लपवायला जागा नाही. या संचाचं बरंचसं काम शोपँनं स्पेनच्या माजोर्का बेटावर 1838–39 च्या हिवाळ्यात केलं. त्याचा पॅरिसचा प्लेएल पियानो जकातीत अडकला होता. तो जानेवारीत पोचेपर्यंत तिथल्याच एका सुमार पियानोवर भागवावं लागलं. म्हणजे गावातल्या पियानोशी जुळवून घेणं त्यालाही चुकलं नाही.

[दृश्य : मध्यंतर. प्रेक्षक बाहेर पडताहेत. ट्यूनर रंगमंचावर.]

मध्यंतरात लोक कॉफीकडे वळतात आणि ट्यूनर पुन्हा चावी घेऊन येतो. दिव्यांच्या उष्णतेनं आणि तासाभराच्या मारानं दोन-चार स्वर हललेले असतात. काहीजण मुद्दाम मागे थांबून त्याला बघतात. एखादा शाळकरी मुलगा विचारतोच, तार तुटली तर?

तुटते कधीकधी. पण नवी तार चढवली तर ती ताणत राहते, सूर धरत नाही. म्हणून तीनपैकी एक गेली तर तो तुटलेला तुकडा काढून घेतो आणि उरलेल्या दोघींवर उत्तरार्ध काढतो. स्वर जरा बारीक होतो. वादकाला ते बोटांखाली जाणवतं. सभागृहात बहुधा कुणालाच पत्ता लागत नाही.