चारीचं पाणी, विहिरीचा कठडा आणि ‘डीएस’

विद्यार्थी मित्रांनो, ‘लाइन इंटिग्रल ऑफ स्केलर फील्ड’ म्हटलं की बहुतेक वह्यांत पहिल्याच ओळीला सूत्र असतं. आज ते जरा मागे ठेवू आणि आधी शिवारातल्या चारीवर जाऊ.

पैठणच्या नाथसागरातून निघणारा डावा कालवा २०८ किलोमीटरचा. त्याच्या वितरिका आणि त्यांना फुटलेल्या चाऱ्या शेतापर्यंत येतात. कच्च्या चारीतून पाणी झिरपतं, पण सगळीकडे सारखं नाही. ओल्या काळ्या मातीत कमी, मुरूम लागला की जास्त. म्हणजे शिवारातल्या प्रत्येक बिंदूला एक आकडा चिकटलेला आहे: तिथून चारी गेली तर दर मीटरला तासाला किती लिटर जातील. दिशा नाही, नुसता आकडा. हेच अदिश क्षेत्र, म्हणजे स्केलर फील्ड. आपल्याला सगळ्या शिवाराची बेरीज नको, चारी जिथून गेली तेवढ्याच वाटेची हवी.

बेरीज कशी करायची? चारीचे छोटे तुकडे पाडा. तुकड्याची लांबी गुणिले तिथला दर. सगळं मिळवा आणि तुकडे बारीक करत जा. ही बेरीज म्हणजेच लाइन इंटिग्रल, आणि बारीक तुकड्याच्या लांबीलाच आपण डीएस म्हणतो. या विषयातली दहापैकी नऊ गणितं डीएसपाशीच चुकतात, बाकीचं तुम्हाला अकरावी-बारावीपासून येतं.

उदाहरणाला सोपे आकडे घेऊ. चारी सरळ आहे. सुरुवातीपासून पूर्वेला ४०० मीटर आणि उत्तरेला ३०० मीटर, तिथे तिचं दुसरं टोक. सुरुवातीपासून पूर्वेकडचं अंतर एक्स, उत्तरेकडचं वाय. पूर्वेकडे मुरूम वाढत जातो, म्हणून दर २ अधिक एक्स भागिले १००. एक्स = ४०० टी, वाय = ३०० टी; टी सुरुवातीला ०, शेवटी १. दोन्हींचे डेरिव्हेटिव्ह ४०० आणि ३००; वर्गांची बेरीज, वर्गमूळ, आले ५००. म्हणून डीएस म्हणजे ५०० डीटी. दर झाला २ + ४ टी. त्याचं ० ते १ इंटिग्रल ४, गुणिले ५००: तासाला २००० लिटर.

आता चूक बघा. विद्यार्थी दर एक्समध्ये लिहितो आणि सरळ डीएक्सने ० ते ४०० इंटिग्रेट करतो. उत्तर १६००. आकडा पटण्यासारखा दिसतो, म्हणूनच घातक. त्याने चारी मोजलीच नाही, तिची पूर्व-पश्चिम रेषेवर पडलेली सावली मोजली. चारी ५०० मीटरची, सावली ४०० ची. चारी थेट उत्तरेला गेली असती तर याच पद्धतीने गळती शून्य निघाली असती! आणि २००० ला लांबीने, म्हणजे ५०० ने भागलं की सरासरी दर मिळतो, मीटरला ४ लिटर. तो २ आणि ६ च्या मध्ये आहे. एवढी पडताळणी परीक्षेतही करावी. अर्धा मिनिट लागतो.

प्रत्यक्ष जागेवर सूत्र नसतं, खुंट्या असतात. दोन खुंट्यांमधलं अंतर १०० मीटर, दर एकीकडे २ आणि दुसरीकडे ३, तर सरासरी अडीच गुणिले १००, त्या तुकड्याचे २५० लिटर. खुंटी जिथे माती बदलते तिथे हवीच, नाहीतर सरासरी फसते. वळणावरही दोन-तीन जास्त ठोका. १० मीटर त्रिज्येच्या काटकोनी वळणाची खरी लांबी १५.७ मीटर, दोन टोकं सरळ जोडली तर १४.१. दहा टक्के तिथेच गेले.

आता वाकडी वाट. गोल विहिरीचा कठडा घ्या, बाहेरची त्रिज्या ३ मीटर. माथा लेव्हलमध्ये, पण जमीन पूर्वेला उतरती. एक्स आता विहिरीच्या केंद्रापासून पूर्वेला मोजू, म्हणून बाहेरून उंची १.२ + ०.१ एक्स: पूर्वेला दीड मीटर, पश्चिमेला ९० सेंटिमीटर. बाहेरच्या अंगाला गिलावा किती चौरस मीटर? एक्स = ३ कॉस थीटा, वाय = ३ साइन थीटा, डीएस म्हणजे ३ डी-थीटा. पूर्ण फेरीत कॉसचा भाग शून्य होतो, उरतं १.२ × ३ × २ पाय, म्हणजे २२.६२ चौरस मीटर. तो ३ विसरलात तर ७.५४. इथे एकक तुम्हाला वाचवतं: थीटाला मीटर नाही, म्हणून उंची गुणिले थीटा हे नुसते मीटर होतात, चौरस मीटर होत नाहीत.

हेच काम दोन गवंड्यांनी उत्तर-दक्षिण रेषेने अर्धं-अर्धं वाटून घेतलं तर? पूर्वेकडच्याला १३.११, पश्चिमेकडच्याला ९.५१. कडेची लांबी सारखी, काम साडेतीन चौरस मीटरहून जास्त वेगळं. मजुरी कशावर ठरवायची ते त्यांनी आधीच बोललेलं बरं.

गवंडी कुठल्याही बाजूने फिरला तरी गिलावा तेवढाच. बलाने केलेल्या कार्याचं इंटिग्रल दिशा उलटली की चिन्ह बदलतं, हे बदलत नाही, कारण लांबी ऋण नसते. चारी उलट्या टोकाकडून घेतली, एक्स = ४०० − ४०० टी, तर डेरिव्हेटिव्ह ऋण येतात, पण वर्गमूळ ५०० च राहतं आणि उत्तर २०००. फक्त टीची लहान मर्यादा खाली, मोठी वर.

शेवटचा खड्डा. तीच चारी कुणी एक्स = ४०० साइन टी, वाय = ३०० साइन टी अशी लिहिली आणि टी ० ते पाय घेतला. साइन वर जाऊन परत येतो, म्हणजे आपण चारीने गेलो आणि त्याच वाटेने माघारी आलो. डीएस इथे ५०० गुणिले कॉस टीचं मॉड्युलस. मॉड्युलस ठेवलं तर उत्तर ४०००, विसरलात तर शून्य. वर्गमूळातून वर्ग बाहेर काढताना मॉड्युलस लिहायचंच, आणि मर्यादा ० ते अर्धा पाय घ्यायची. मग तेच २००० लिटर.